मूळचे कुठले?

आमच्या मालूआत्याला कुणीही नवा माणूस भेटला की ती आधी विचारते, "तुम्ही कुठले?" समोरचा भाबडेपणाने "पुण्याचे" किंवा "ठाण्याचे" म्हणतो. आत्या मान हलवते. उत्तर तिने ऐकलेलं असतं, पण धरलेलं नसतं. मग खुर्ची थोडी पुढे ओढून ती खरा प्रश्न विचारते, "ते झालं हो, पण मूळचे कुठले?"

या ‘मूळचे’ला तळ नाही. समोरचा म्हणाला, "संगमेश्वरकडचे," तर "संगमेश्वरात कुठले?" वाडीचं नाव सांगितलं तर "वरच्या आळीतले की खालच्या?" आळी कळली की आत्याला एखादं बाळंतपण, एखादा कोर्टकज्जा, गेला बाजार एखादं मोडलेलं लग्न आठवतं आणि तिसऱ्या मिनिटाला तो माणूस आमचा चुलत-मावस काहीतरी निघतो. मंगल कार्यालयात, बँकेच्या रांगेत, रेल्वेच्या डब्यात तिने हे साधलेलं आहे. एकदा तर दंतवैद्याने चूळ भरायला दिलेल्या अर्ध्या मिनिटात तिने त्याचं आजोळ काढलं. दाढ त्याने काढली, हा भाग वेगळा.

आमचं आडनाव ‘कर’ने संपणारं. म्हणजे उत्तर आडनावातच शिवलेलं. तरी त्या गावात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते पंचेचाळिशी उलटल्यावर. घाटावरचं लहानसं गाव. एसटीतून उतरलो, टपरीवर चहा सांगितला आणि मोठ्या अभिमानाने आपलं नाव सांगितलं. चहावाल्याने कप विसळता विसळता विचारलं, "कुठनं आलाय पाव्हणं?" ज्या गावाचं नाव आम्ही तीन पिढ्या पाठीवर वागवलं, त्याने मला पाहुणा ठरवायला अर्धा कप चहाइतकाही वेळ घेतला नाही.

पुढे थोरल्या आजोबांच्या वंशजांचं घर सापडलं. आमचे आजोबा पाच भावांतले धाकटे. हिश्शाला आलेल्या जमिनीत उभं राहिलं तर आडवं व्हायला जागा नाही, म्हणून ते मुंबईला गेले आणि कारकून झाले. थोरले तिथेच राहिले. त्यांच्या नातवांनी सतरंजी अंथरली, पोहे दिले, पावसापाण्याचं बोलून झालं. मग घरातल्या कर्त्याने जरा घसा खाकरून विचारलं, "सातबारा बघाय न्हाई न्हवं आलासा?" मी नाही म्हटलं. त्यानंतर दुसरा चहा आला, तो पहिल्यापेक्षा गोड होता. निघताना पडक्या वाड्याच्या जोत्यापाशी मुठीएवढा काळा दगड पडला होता, तो मी पिशवीत टाकला. हिस्सा म्हणा हवं तर. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

घरी आल्यावर कुलवृत्तांत उघडला. आमच्याही घराण्याचा आहे. जाडजूड, कापडी बांधणीचा, शेवटी चार पानांचं शुद्धिपत्र जोडलेला. माझं नाव मूळ मजकुरात चुकलं आहे आणि शुद्धिपत्रात वेगळ्या प्रकारे चुकलं आहे. त्यात लिहिलंय की, आमचे पूर्वज सात पिढ्यांपूर्वी कोकणातून त्या गावी आले. कोकणात कुठून आले, याबद्दल संपादकांनी ‘आधार मिळत नाही’ एवढंच लिहून कंस बंद केला आहे. म्हणजे ज्या गावाचं नाव आम्ही लावतो, तिथेही आम्ही मूळचे नाहीच.

हे सगळं आठवायचं कारण एक फोटो. २०२५च्या एप्रिलमध्ये आत्याच्या नातवाने मोबाइल तिच्यापुढे धरला. पडद्यावर करड्या रंगाचं, खडबडीत, दोन्ही टोकांना फुगीर आणि मध्ये बारीक असं काहीतरी होतं. आत्याने चष्मा पुसला.

"भुईमुगाची शेंग. जरा जास्त भाजलीय."

"आजी, लघुग्रह आहे हा. आठ किलोमीटर लांब. नासाच्या यानाने काल-परवाच फोटो काढलाय."

"नाव काय?"

"डोनाल्डजोहान्सन."

आत्याने क्षणभर विचार केला. नाव परक्याचं असलं तरी रीत ती रीत.

"मूळचा कुठला?"

नातू खो खो हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण ज्यांनी ते यान तिथे नेलं त्या शास्त्रज्ञांनाही याच प्रश्नाने पछाडलेलं आहे. त्यांची भाषा वेगळी, यंत्रं महागडी, पण खुर्ची पुढे ओढायची पद्धत तीच.

आधी राहता पत्ता सांगतो. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या ऐसपैस जागेत लघुग्रहांचा मुख्य पट्टा आहे, त्याच्या आतल्या, म्हणजे मंगळाकडच्या भागात हा राहतो. आत्याच्या पत्रिकेत मंगळ आहे, गुरू आहे, राहू-केतूही आहेत, पण या मंडळींना तिथे घर नाही. ते कुणाला छळत नाहीत, त्यांची शांत करावी लागत नाही, म्हणून त्यांना कुणी विचारतही नाही. आजवर तेरा लाखांहून जास्त लघुग्रहांची नोंद झाली आहे. त्यात याचा क्रमांक ५२२४६. शेल्टे बस या खगोलशास्त्रज्ञांनी २ मार्च १९८१ रोजी ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंग वेधशाळेतून तो शोधला. स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला तो साधारण साडेदहा दिवस लावतो. घाई नसलेल्या घराण्यातला दिसतो.

२० एप्रिल २०२५ रोजी लूसी हे यान त्याच्याजवळून गेलं. ‘जवळून’ म्हणजे ९६० किलोमीटरवरून, सेकंदाला १३ किलोमीटरहून अधिक वेगाने. हा एक प्रकारचा बघण्याचा कार्यक्रम होता आणि तो बघण्याच्या सगळ्या रीतीभाती पाळून झाला. लांब होतं तोवर यान टक लावून बघत होतं. अगदी समोरासमोर यायच्या सुमारे ४० सेकंद आधी त्याने नजर वळवली. लाजून नव्हे. तसंच बघत राहिलं असतं तर मागून येणारं ऊन नाजूक उपकरणांच्या डोळ्यांत गेलं असतं. अंदाज होता की पाहुणा चारेक किलोमीटरचा असेल. निघाला आठ किलोमीटर लांब आणि जिथे सगळ्यात रुंद तिथे साडेतीन किलोमीटर. जवळच्या फोटोंत तर तो चौकटीत पुरता मावलाही नाही. लग्नातल्या ग्रुप फोटोत कडेचे दोन काका कायम अर्धे येतात, तसंच.

आता मुळाकडे. हा प्रश्न सव्वादोनशे वर्षं जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की मंगळ आणि गुरू यांच्यात फारच मोकळी जागा पडली आहे. ग्रहांच्या अंतरांचा एक ठोकताळा होता. त्याप्रमाणे तिथे कुणीतरी असायला हवं होतं. १८०० साली जर्मनीत काही खगोलशास्त्रज्ञ एकत्र जमले, आकाशाचे चोवीस भाग पाडले आणि एकेकाने एकेक भाग धुंडाळायचा असं ठरवलं. या मंडळींना ‘खगोल पोलीस’ असं नाव पडलं. पोलिसांच्या बाबतीत व्हायचं तेच झालं. सिसिलीतल्या पालेर्मोमध्ये ज्युसेप्पे पियाझ्झी नावाचे एक धर्मगुरू वेध घेत बसले होते. पथकात सामील व्हा, हे पत्र त्यांच्या हाती पडण्याआधीच, १८०१च्या १ जानेवारीला त्यांना सेरेस सापडला.

पुढच्याच वर्षी ब्रेमेनचे डॉक्टर ओल्बर्स यांना त्याच भागात दुसरा गोळा सापडला, पॅलस. पेशाने वैद्य असलेल्या या माणसाने लगेच निदानही केलं. इथे पूर्वी एक मोठा ग्रह होता, तो फुटला, हे त्याचेच तुकडे. मला ही कल्पना फार ओळखीची वाटते. आपल्याकडे प्रत्येक घराण्यात कधीकाळी एक चौसोपी वाडा होता, दारात हत्ती झुलत होते, मग भाऊबंदकी झाली आणि सगळं गेलं. हत्ती कुणी पाहिलेला नसतो. ओल्बर्स यांचा वाडाही तसाच निघाला. मुख्य पट्ट्यातल्या साऱ्या लहानथोरांचं वजन एकत्र केलं तरी ते आपल्या चंद्राच्या शेकडा तीनच्या आसपास भरतं आणि त्यातला तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा एकट्या सेरेसचा. एवढ्या विटांत वाडा काय, धड खोपटंही उभं राहत नाही. आज असं मानतात की तिथे वाडा कधी झालाच नाही. शेजारी गुरूसारखा आडदांड असल्यावर कुणाला घर बांधू देतोय? त्याच्या ओढाताणीने तिथल्या तुकड्यांना एकत्र येऊन ग्रह होता आलं नाही. सामान आलं होतं, बांधकाम राहून गेलं.

मात्र एक मोठा वाडा नसला, तरी लहान लहान घरं होती आणि ती फुटली, हे खरं आहे. ते दाखवून दिलं १९१८ साली जपानच्या कियोत्सुगू हिरायामा यांनी. मी त्यांना लघुग्रहांचे पहिले कुलवृत्तांतकार मानतो. त्यांनी काय केलं हे कळण्यासाठी आपल्याकडचा कुठलाही सरकारी अर्ज आठवावा. त्यात दोन रकाने असतात. एक ‘सध्याचा पत्ता’ आणि दुसरा ‘कायमचा पत्ता’. गुरू आणि शनी यांच्या ओढीने लघुग्रहाची कक्षा सारखी थोडी थोडी डुलत असते. आज मोजली तो झाला सध्याचा पत्ता, उद्याचा भरवसा नाही. हिरायामांनी गणिताने हे डुलणं बाजूला काढलं आणि प्रत्येकाचा कायमचा पत्ता शोधला. तेव्हा दिसलं की काही जणांचे कायमचे पत्ते एकाच आळीतले आहेत. हा योगायोग नव्हे. एखादा मोठा लघुग्रह कुणाच्या तरी धडकेने फुटला की त्याचे तुकडे दूर उधळतात, पण कायमच्या पत्त्याचा रकाना बदलत नाहीत. कोरोनिस, इऑस आणि थेमिस ही तीन घराणी त्यांनी अशी ओळखली. आज शंभराहून अधिक घराणी माहीत आहेत.

घराणं म्हटलं की आपल्याला गाणं आठवणारच आणि इथे ते आठवायला सबळ कारण आहे. पंडित जसराज यांच्या नावाचा एक लघुग्रह याच मुख्य पट्ट्यात आहे. त्याचा क्रमांक ३००१२८. पंडितजींची जन्मतारीख २८-०१-३०. ती उलटीकडून वाचून पाहावी. हरियाणातल्या एका गावात जन्म, मेवाती घराण्याची तालीम, मुंबईत संसार आणि अखेरचा श्वास अमेरिकेत. आता ‘मूळचे कुठले’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्या रकान्यात लिहायचं? गायकीवरून मात्र जाणकार डोळे मिटून घराणं सांगत.

लघुग्रहांचंही असंच आहे. नुसत्या पत्त्यावर भागत नाही. एका चाळीत राहणारे सगळे एका कुटुंबातले नसतात, मध्येच भाडेकरूही असतात. म्हणून खगोलशास्त्रज्ञ प्रत्येकाची गायकी तपासतात. सूर्यप्रकाशातले कोणते रंग तो शोषतो आणि कोणते परत फेकतो, हे बघतात. पत्ता जुळला पण रंग जुळला नाही, तर तो उपरा. आपल्या शेंगेचा पत्ताही जुळला आणि रंगही. कोळशासारखा काळपट, कार्बनी जातीचा. घराणं निघालं एरिगोनीचं. थोरल्याचं नाव १६३ एरिगोनी. १८७६ साली फ्रान्समधल्या तुलूझला तो सापडला. आकार सत्तर किलोमीटरहून मोठा. एके काळी तो आणखी मोठा असणार. कुणाची तरी जबर धडक बसली आणि त्याच्या अंगच्या चिंध्या झाल्या. थोरला बहुतेक आपल्या जागी राहिला, बाकीचे विखुरले. आपला पाहुणा त्या विखुरलेल्यांतला एक.

पण कधी? याचं उत्तर शोधायची पद्धत मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती कळली त्या दिवशी मला आमच्या आजोबांचं मुंबईला जाणं कळलं.

एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावर रशियात इव्हान यार्कोव्हस्की नावाचे एक इंजिनियर होते. त्यांनी एका पुस्तिकेत मांडलेली कल्पना अशी. फिरणाऱ्या दगडावर ऊन पडतं. भर दुपारी बारापेक्षा कलत्या उन्हात तो जास्त तापलेला असतो. चंद्रपुरात मे महिना काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तापलेली बाजू उष्णता बाहेर टाकते आणि टाकताना दगडाला उलट दिशेने एक नाममात्र ढकलणी मिळते. पतंगाच्या कागदाला फुंकर घालावी त्याहूनही क्षीण. पुस्तिका काळाच्या पोटात गडप झाली. ती कधीकाळी वाचलेल्या अर्न्स्ट एपिक या खगोलशास्त्रज्ञांनी पुढे अनेक वर्षांनी निव्वळ आठवणीतून ती कल्पना पुन्हा उभी केली, म्हणून ती जगली.

ही ढकलणी लाखो-कोट्यवधी वर्षं न थांबता चालू राहिली की दगड आपल्या जागेवरून हळूहळू सरकतो. एका दिशेने फिरणारे सूर्यापासून दूर जातात, उलटे फिरणारे सूर्याकडे. आणि जो जितका लहान, तो तितका लांब जातो. मोठ्याला या उन्हाने काही फरक पडत नाही. त्यामुळे घराण्यातल्या सगळ्यांचे आकार आणि अंतरं कागदावर मांडली, तर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी आकृती उमटते. थोरले टोकाशी, जुन्या जागी. धाकटे दोन्ही बाजूंना फाकत गेलेले. ‘व्ही’ जितका जास्त उघडलेला, तितकी घर फुटल्याला वर्षं जास्त.

थोरले आजोबा गावात राहिले, आमचे मुंबईला आले आणि त्यांचे नातू न्यू जर्सीपर्यंत पोचले, यात कुणाचंच कर्तृत्व नव्हतं आणि कुणाचा करंटेपणाही नव्हता, हे मला त्या आकृतीने सांगितलं. हिस्सा लहान होता आणि ऊन कडक होतं.

एरिगोनी घराण्याचा ‘व्ही’ मोजून शास्त्रज्ञांनी काढलेलं वय आहे सुमारे १५ कोटी वर्षं. आपल्याला हे थोर वाटतं. पण ज्या मालाचा तो बनला आहे तो माल साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचा, सूर्यमाला मांडली जात होती तेव्हाचा. त्या हिशेबाने डोनाल्डजोहान्सन म्हणजे जुन्या सोन्याची नवी अंगठी.

अंगठीपेक्षा शेंगेची उपमाच खरी, कारण तो एक नाहीच. दोन तुकडे बारीक मानेने एकमेकांना चिकटलेले आहेत. घर फुटलं तेव्हा उडालेले दोन भाऊ भिरभिरत पुन्हा इतक्या हळुवारपणे टेकले की मोडले नाहीत, जुळले, असा एक अंदाज आहे. इतक्या भाऊबंदकीनंतर दोघांनी सामाईक भिंतीने राहावं, हे आमच्या घराण्यात तरी झालेलं नाही. पट्ट्यात मात्र हे दुर्मीळ नसावं. २०२३च्या १ नोव्हेंबरला हेच यान डिंकिनेश नावाच्या जेमतेम पाऊण किलोमीटरच्या लघुग्रहाजवळून गेलं, तेव्हा त्या एवढ्याशा जिवालाही चंद्र निघाला आणि तो चंद्रसुद्धा दोन तुकड्यांचा जोड! आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "एकेकटं राहायला भीती वाटत असेल रे. काळोख किती तिथे."

आता नावाची गंमत. डोनाल्ड जोहान्सन हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ, आईबाप स्वीडनहून शिकागोला आलेले. जोहान्सन म्हणजे जोहानचा मुलगा. आपण आडनावात गाव बांधतो, त्यांच्याकडे बाप बांधतात. २४ नोव्हेंबर १९७४ रोजी इथिओपियात, अफार भागातल्या हदारच्या उजाड उतारावर त्यांना कोपराच्या हाडाचा तुकडा दिसला. पुढे सांगाड्याचा चाळीस टक्के भाग मिळाला. साडेतीन फूट उंचीची, दोन पायांवर चालणारी, ३२ लाख वर्षांपूर्वीची एक बाई. त्या रात्री तंबूत बीटल्सचं गाणं वाजत होतं, त्यावरून तिचं नाव लूसी पडलं. इथिओपियाच्या अम्हारिक भाषेत तिला डिंकिनेश म्हणतात, म्हणजे ‘तू अद्भुत आहेस’. लूसी ही आपल्या सगळ्यांची थेट पणजी की चुलत पणजी, यावर अजून वाद चालू आहेत. कुलवृत्तांताच्या संपादक मंडळात असतात तसेच.

म्हणजे पाहा. माणसाचं मूळ शोधणाऱ्याला सापडलेल्या बाईचं नाव यानाला आणि शोधणाऱ्याचं नाव दगडाला. त्या दगडाच्या थोरल्या भागाला टांझानियातल्या ओल्डुवाईचं नाव दिलं, धाकट्याला अफारचं. मधली मान विंडओव्हर, फ्लोरिडात जिथे प्राचीन माणसांचे अवशेष मिळाले त्या जागेवरून. जिथे माणूस कधी गेला नाही, जाण्याची शक्यताही नाही, त्या काळ्या शेंगेवर आपण आपल्या मूळ गावांच्या पाट्या ठोकून आलो आहोत. आम्ही मुंबईच्या दोन खोल्यांच्या दारावर घाटावरच्या गावाचं नाव लावलं, तेव्हा वेगळं काय केलं होतं?

एका रविवारी मी तो गावचा काळा दगड घेऊन आत्याकडे गेलो. तिने तो हातात घेतला, नखाने खरवडून पाहिला, कपाळाला लावला.

"आपल्या मातीतला आहे," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की हा बेसॉल्ट. आपला सह्याद्री, आपलं पठार, ज्या लाव्हाच्या थरांनी बनलंय ते सांडले सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. शेंग फुटून वेगळी झाली त्याला १५ कोटी वर्षं. तेव्हा हा दगड नव्हता, घाट नव्हता, गाव वसवायला हे पठार नव्हतं. भारत नावाचा जमिनीचा तुकडा तेव्हा गोंडवन नावाच्या एका मोठ्या, फुटायला लागलेल्या घरात एकत्र कुटुंबात नांदत होता.

"म्हणजे तो आपल्या गावापेक्षा जुना?"

"दुपटीहून जास्त."

"आणि आपली जमीनसुद्धा कुठूनतरी आलेलीच?"

"तीसुद्धा. आणि कधीकधी तेही येतात इकडे. त्या उन्हाच्या ढकलणीने सरकत सरकत काही जण अशा ठिकाणी पोचतात की तिथून गुरू-शनीची ओढ त्यांना आपल्या दिशेला भिरकावते. लोणारला आपटलाच ना एक."

लोणारचं सरोवर आत्याने पाहिलं आहे, लवणासुराची गोष्टही तिला पाठ आहे. पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा याच काळ्या दगडात पाडून तो पाहुणा कायमचा राहिला. त्याचं घराणं विचारायची सोय मात्र उरली नाही. आपटताना त्याचा बहुतेक भाग जळून वाफ झाला. आत्याने यावर बराच वेळ काही म्हटलं नाही. आलेल्या माणसाचं मूळ विचारायच्या आत तो जळून जावा, ही तिच्या दृष्टीने आतिथ्यातली फार मोठी चूक होती.

मग ती म्हणाली, "फुटलेल्या घरचा आहे म्हणजे. त्यात काय एवढं? सगळेच फुटलेल्या घरचे. म्हणून तर विचारायचं असतं."

इतकी वर्षं मला वाटायचं की आत्या माणसाला त्याच्या जागी नेऊन बसवण्यासाठी ‘मूळचे कुठले’ विचारते. ती मुळी जागा विचारतच नव्हती. कुठे तुटलात, ते विचारत होती. तुटलेली कड सापडली की आपल्या तुटलेल्या कडेशी ती लावून बघायची, कुठेतरी जुळते का. तिसऱ्या मिनिटाला जुळतेच.

दगड आत्याने ठेवून घेतला. सध्या तो तिच्या औषधांच्या चिठ्ठ्यांवर असतो आणि पंखा लावला तरी एकही कागद उडत नाही. लूसी यान पुढच्या वाटेवर आहे. ऑगस्ट २०२७मध्ये ते गुरूच्या कक्षेतल्या युरीबेटिस नावाच्या लघुग्रहाजवळ पोचेल आणि तोही एका फुटलेल्या घराण्याचाच थोरला आहे. २०२७चं कालनिर्णय घरात आलं की ऑगस्टच्या पानावर हे लिहून ठेव, असं आत्याने नातवाला आत्ताच बजावून ठेवलं आहे. तेव्हा ती नव्वदीत असेल. काय विचारायचं, ते तिचं ठरलेलं आहे.